तुळजाबाईंचा रविवार

तुळजाबाई पहिल्यांदा धायरी फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा या बाई आपल्यासोबत यायला आल्यात असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. पोपटी पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, कपाळावर हिरवं गोंदण आणि त्याच्यावर हेल्मेट. हातातली सायकल मात्र अशी, की गटातल्या आयटीवाल्या पोरांच्या माना वळल्या. एकाने अदबीने विचारलं, "मावशी, कुणाची वाट बघताय का?"

"तुमचीच. उशीर केलात," बाई म्हणाल्या.

उशीर झालाच होता, आणि तो माझ्यामुळे झाला होता. मी सदाशिव पेठेत अकाउंट्सचा क्लास घेते. आठवडाभर पोरांच्या डोक्यात घसारा शिरवण्याचा प्रयत्न करते आणि रविवारी तो सगळा राग पायडलवर काढते. मला कुणी उशिराबद्दल बोललेलं खपत नाही. त्या दिवशी का कोण जाणे, खपलं.

आमच्या गटाचं नाव रविवार पायडल मंडळ. व्हॉट्सॲपवरचा गट आहे, अध्यक्ष वगैरे कुणी नाही, फक्त ॲडमिन आहेत, अनंतराव. एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. गटात शिरलं की त्यांचे नियम आपोआप समोर येतात. सुप्रभात, शुभ रात्री आणि वाढदिवस यांसाठी हा गट नाही. वेळेवर न आलेला सभासद घरी झोपला आहे असं समजून आम्ही निघतो. जो मागे राहील त्याच्यासाठी थांबतो, पण कुरकुरत थांबतो. आणि शेवटचा नियम ठळक अक्षरांत: इथे फक्त पहिलं नाव चालतं. आडनाव, हुद्दा, कुणाचा कोण, हे सगळं घरी ठेवून यावं.

हा नियम उगाच आला नव्हता. अनंतराव आधी ज्या गटात होते, तिथे दर चढावर कुणी ना कुणी कुणाला तरी विम्याची पॉलिसी नाहीतर हिंजवडीतला फ्लॅट विकत असे. माणूस धापा टाकत असताना त्याला नाही म्हणता येत नाही. वैतागून त्यांनी स्वतःचा गट काढला आणि दारातच ही पाटी लावली. मी या गटात टिकले ती या एका पाटीमुळे. रविवारी सकाळी मला कुणी मॅडम म्हणत नाही हे सुख जिला एरवी कुणी मॅडम म्हणत नाही तिला कळणार नाही.

तुळजाबाई आमच्यापर्यंत कशा पोचल्या हे त्यांनीच मला खडकवासल्याच्या भिंतीजवळ चहा पिताना सांगितलं. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या मुलाने, दिग्विजयने, ती महागडी सायकल घेतली होती. दोनदा चालवली, पाच-पंचवीस फोटो काढले आणि गॅलरीत उभी केली. तेव्हापासून तिच्यावर टॉवेल वाळत होते. बाई रोज ते टॉवेल काढायच्या आणि रोज त्यांचा जीव तुटायचा. माहेरी, धरणाच्या वरच्या अंगाला, त्या वडिलांच्या काळ्या सायकलवर कैची मारत शाळेत जायच्या. म्हणजे दांड्याखालून पाय घालून, तिरक्या होऊन. लग्न झालं आणि शाळा सुटली, सायकलही सुटली. सासरी मेथी-कोथिंबिरीचं शेत होतं, जुड्या बांधण्यात जन्म गेला. पुढे शहर धायरीवर चालून आलं, शेताच्या जागी इमारती झाल्या, बाईंचे मालक वारले, मुलगा बिल्डर झाला. बाईंना कामच उरलं नाही.

एका दुपारी त्यांनी टॉवेल खाली टाकले, सीट उतरवून घेतली आणि सोसायटीच्या आवारात चक्कर मारली. मग रोज पहाटे, अंधारात, कुणी बघणार नाही अशा बेताने. पण एकट्याने फार लांब जायची भीती वाटायची. रस्त्याने पोरांचे घोळके जाताना दिसायचे, हेल्मेटं घातलेले, हसत-खिदळत. बाईंनी सुनेला, ऋतिकाला, विचारलं, "ही लोकं एकमेकांना कुठं घावतात गं?"

"मोबाईलवर," ऋतिका म्हणाली.

मग सासू-सुना दुपारी दार लावून मोबाईल घेऊन बसायला लागल्या. पहिला गट फेसबुकवर सापडला. आत घेण्याआधी त्यांनी सरासरी वेग विचारला. बाईंनी सुनेकडून लिहून घेतलं, "उतारावर की चढावर?" त्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्या गटात जुन्या सायकली विकायला काढलेल्या आणि देवांचे फोटो, सायकल चालवणारं कुणीच नाही. तिसरा खास बायकांचा होता. तो महिला दिनाला गुलाबी फुगे बांधून एकदा निघायचा आणि पुढचं वर्षभर त्या एका दिवसाचे फोटो बघायचा. चौथ्यात वीस-पंचवीस वर्षांची पोरं होती आणि ती ताम्हिणी घाटापेक्षा जवळचं काही बोलतच नव्हती. शेवटी सिंहगड रस्त्यावर एका सायकल दुकानात हवा भरताना बाईंनी भिंतीवरचा आमचा चौकोनी कोड पाहिला. ऋतिकाने तो मोबाईलवर धरला आणि अनंतरावांची पाटी समोर आली.

"ते शेवटचं वाचलं," बाई मला म्हणाल्या, "आन् सुनेला म्हनलं, ह्यातच जायाचं. कुनाची कोन ते घरी ठिवून यायचं, असं कुटं असतंय का? मला आक्शी खरंच वाटंना."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तुमाला न्हाय कळायचं ताई. मी बापाची पोर, मग पाटलांची सून, मग मालकांची बायकू, आन् आता दिग्विजयशेठची आई. दुकानात गेलं तरी शेठच्या आई आल्या म्हनत्यात. माजं नाव शेवटचं कुनी घेतलं तर रेशनच्या रांगेत. हितं तुमी सगळी तुळजाबाई म्हनता. ते पोरगं तर तुळजामावशी, गिअर टाका, म्हनून वरडलं. मला लय बरं वाटलं."

 मी आणखी दोन चहा सांगितले.

पुढचे काही महिने बाई एकही रविवार चुकल्या नाहीत. त्या वेगात नव्हत्या, पण थांबत नसत. डोणजे, पानशेतचा रस्ता, एकदा कात्रजचा जुना घाट. घाटात आमचे तरणेबांड उतरून सायकली ढकलत होते आणि बाई त्यांच्या शेजारून "सरका, सरका" करत निघून गेल्या. बाकीचे आठवडाभर वेगाचे आकडे एकमेकांना पाठवत. बाई फक्त शनिवारी रात्री एकच संदेश टाकायच्या. "उद्या मी हाय." तो आला की गटात रविवार लागायचा.

मग एक दिवस दिग्विजयला कळलं. कळणारच होतं, धायरीत कुणाच्या घरी कुठली भाजी शिजली हे फाट्यापर्यंत कळतं. आई सायकलवर फिरते याचं त्याला काहीच वाटलं नसतं, पण लोक काय म्हणतील याचं फार वाटलं. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि त्याला उभं राहायचं होतं.

"स्वतः पांढऱ्या गाडीतून फिरतो आणि आईला सायकलवर पाठवतो, असं म्हणतील लोक," तो आईला म्हणाला. "ड्रायव्हर आहे ना तुला? कुठं जायचं ते सांग, सोडून येईल."

"मला कुटं जायाचं न्हाय. मला सायकल चालवायची हाय."

"सायकल गरिबाचं वाहन आहे, आई."

"मग तू कशाला घेतलीस?"

दुसऱ्या दिवशी त्याने कुलूप आणलं. सायकल गॅलरीच्या गजाला साखळीने बांधली आणि किल्ली खिशात घालून कामावर गेला. तुळजाबाईंनी दुपारभर त्या कुलपाकडे पाहिलं. मग दिग्विजयच्याच साइटवरच्या वेल्डिंगवाल्याला फोन लावून बोलावून घेतलं. मालकाच्या आईने सांगितल्यावर तो बिचारा काय करणार. त्याने कटर लावला आणि साखळी तोडली. संध्याकाळी मुलगा घरी आला, तर त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी तुटकी साखळी नीट गुंडाळून ठेवलेली होती. बाई म्हणाल्या, "जेव आदी. मग बोलू." तो जेवला आणि उठून झोपायला गेला. हे मला ऋतिकाने सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

पुन्हा कुलूप लागलं नाही. आम्हाला वाटलं, संपलं. मला माणसं कळतात असा माझा समज होता, तो तिथे खोटा ठरला.

झालं असं, की गटातल्या एका पोराने कात्रजच्या घाटातला बाईंचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. ओढणी कमरेला बांधलेली, दातओठ खाऊन चढ चढतायत, मागे दोन धिप्पाड तरुण सायकल ढकलतायत. त्या फोटोने आठवडाभर नुसता धुमाकूळ घातला. आजीबाई जबरदस्त, नारीशक्ती, काय नि काय. कुणीतरी खाली लिहिलं, अरे या तर आमच्या दिग्विजयशेठच्या मातोश्री. आणि ज्या माणसाला आईची सायकल परवापर्यंत लाजिरवाणी वाटत होती, त्याला अचानक मातृभक्तीचा उमाळा आला.

पुढच्या रविवारी आम्ही फाट्यावर पोचलो, तर चौकात दोन मजली फ्लेक्स. डावीकडे हात जोडलेला दिग्विजय, गळ्यात सोन्याची साखळी. उजवीकडे घाटातल्या तुळजाबाई, पण त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून कुणीतरी पदर चढवला होता. मागचे दोन तरुणही पुसून टाकले होते. खाली लिहिलं होतं: धायरीची शान, सायकलरत्न, आपले लाडके युवा नेते दिग्विजयदादा यांच्या मातोश्री. नाव नव्हतं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांच्या रांगेत कार्यकर्त्यांची मात्र सगळ्यांची नावं होती.

बाईंनी ब्रेक लावला, पाय टेकवला आणि तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "ह्यात मी कुटं हाय?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत पुढे निघाल्या.  डोणज्याच्या चढावर मी त्यांच्या शेजारी होते. त्या रडत होत्या आणि पायडल मारत होत्या, दोन्ही एकदमच.

मी घरी येऊन अनंतरावांना फोन केला. म्हटलं, तुमच्या पाटीचं काय झालं? ते म्हणाले, फ्लेक्स आपण थोडाच लावलाय. हे बरोबर होतं, म्हणून मी फोन ठेवला. पण चार दिवसांनी गटावर अनंतरावांचाच संदेश आला. येत्या रविवारी आपली नेहमीची फेरी मा. दिग्विजयदादांच्या सहकार्याने होईल. सर्वांना टी-शर्ट, नाश्ता, पदक. सोबत रुग्णवाहिका. मातोश्रींच्या हस्ते सायकलपूजन, दादांच्या हस्ते झेंडा. आणि टी-शर्टच्या छातीवर दादांचा चेहरा.

मी लगेच लिहिलं: "आडनाव घरी ठेवायचं आणि चेहरा छातीवर लावायचा, हा नियम कधी आला?"

अनंतरावांचं उत्तर: "वर्षभर मी एकटा राबतोय. एकदा कुणी मदत करतंय तर बिघडलं कुठं?"

बाकीच्यांनी होकाराचे अंगठे टाकले. अंगठा टाकायला कष्ट पडत नाहीत. फुकटचा टी-शर्ट म्हटलं की आमच्या पुण्यातली भली भली तत्त्वं एक माप सैल होतात.  मी तुळजाबाईंना फोन केला तेव्हा त्या मेथी निवडत होत्या.

"तुम्ही येऊ नका," मी म्हटलं. "आपण दोघी दुसरीकडे जाऊ. तुमचा मुलगा बसेल झेंडा घेऊन."

"मी का येऊ नगं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "रविवार माजा हाय. त्यानं यायचं का न्हाय ते त्यानं बघावं."

शनिवारी रात्री त्यांचा संदेश आला. "उद्या मी हाय."

रविवारी फाट्यावर मांडव होता. कमान, भोंगे, ढोल आणि कधी सायकलवर न बसलेली शेकडो माणसं दादांचा चेहरा छातीवर घेऊन उभी. आमच्या गटातले बहुतेक जण त्याच टी-शर्टमध्ये होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी माझा जुना, बगलेत उसवलेला शर्ट घालून गेले होते आणि मला त्याचा भारी अभिमान वाटत होता. तुळजाबाई आल्या त्या पोपटी ड्रेसमध्ये. एका कार्यकर्त्याने टी-शर्ट पुढे केला. त्यांनी तो घेतला, सायकलच्या साखळीचं तेल पुसलं आणि नीट घडी करून त्याच्या हातात परत दिला.

व्यासपीठावर त्यांना मधोमध बसवलं. ऋतिका औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. निवेदकाने आवाज चढवला. "ज्यांच्या पोटी दादांसारखं रत्न जन्माला आलं, त्या मातोश्रींनी दोन शब्द बोलावेत अशी मी विनंती करतो." दिग्विजयने स्वतः माईक आईच्या हातात दिला. त्याला खरंच वाटत होतं की आई आता त्याला आशीर्वाद देणार.

बाईंनी माईक तोंडापासून जरा लांब धरला.

"माजं नाव तुळजाबाई," त्या म्हणाल्या. "त्या बोर्डावर न्हाय, म्हनून सांगते. ह्या गटात मी कुनाची आई म्हनून आले न्हवते. ह्यांच्यात तसा नियमच हाय. आता तो ह्यांनीच मोडला, ते ह्यांचं ह्यांना माहीत." अनंतराव खाली बघायला लागले. "मी ह्या गावात सून म्हनून आले, कुनी मला इचारलं न्हाय. जुड्या बांधल्या, जमीन इकली तवा सही दिली, तवाबी कुनी इचारलं न्हाय. सायकल तेवडी मी माज्या मनानं चालवली. तिला कुलूप लागलं ते मी तोडलं. आता तिला हार घालताय. कुलूप काय आन् हार काय, मला दोनी नगं. मतं ज्याला मागायची त्यानं आपल्या पायावर मागावी. माज्या पायडलवर न्हाय."

ढोलवाल्याने मध्येच टिपरू मारलं आणि शेजारच्याने त्याचा हात धरला.  निवेदकाने माईक परत घेण्यासाठी हात पुढे केला, तर बाईंनी तो खुर्चीवर ठेवला आणि त्या जिना उतरल्या. ऋतिकाने औक्षणाचं ताट टेबलावर ठेवलं, खाली येऊन सासूची सायकल धरली आणि हेल्मेट पुढे केलं. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मी माझी सायकल काढली. घाटातला फोटो टाकणाऱ्या पोराने दादांचा टी-शर्ट अंगातून काढून हँडलला गुंडाळला आणि उघड्या अंगाने माझ्यामागे येऊन उभा राहिला. आणखी चार-पाच जण आले. बाकीचे जागेवरच थांबले, पदकं वाटायची राहिली होती. अनंतराव दोनदा पुढे झाले आणि दोनदा मागे गेले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्हीतलं काय जास्त, ते अजून ठरलेलं नाही.

कमानीच्या तोंडाशी दिग्विजय धावत येऊन उभा राहिला. हातात झेंडा होता, चेहरा लालबुंद झाला होता आणि आजूबाजूला दहा-पंधरा मोबाईल त्याच्यावर रोखलेले होते. त्याने हसण्याचा प्रयत्न केला.

"आई, थांब ना दोन मिनिटं," तो हळूच म्हणाला. "अजून झेंडा दाखवायचाय. लोक बघतायत."

तुळजाबाईंनी एक पाय पायडलवर ठेवला, गिअर टाकला आणि मुलाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"दिगू," त्या म्हणाल्या, "बाजूला हो. चाक लागंल."

तो बाजूला झाला.